असेंब्ली, विधान भवन आणि मधला रस्ता

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. जामच्या चौरस्त्यावर चहा घेत उभा होतो. आमचा चौरस्ता ज्यांनी पाहिला त्यांना माहीत आहे. एक रस्ता नागपूरला, एक हिंगणघाटवरून थेट हैदराबादला, एक वरोऱ्यावरून चंद्रपूरला. अधिवेशनाच्या दिवसांत इथे नुसतं उभं राहिलं तरी अर्ध्या विदर्भाच्या मागण्या कळतात. झेंडा बांधलेल्या जीपा, मागे बॅनर लावलेले मॅटेडोर, खिडकीतून घोषणा देणारी पोरं. कोण शिक्षक, कोण अंगणवाडी सेविका, कोण प्रकल्पग्रस्त. सगळ्यांचं तोंड नागपूरकडे.

एका गाडीतून पंचाहत्तरीचे एक काकाजी उतरले. चहा मागितला आणि मला विचारलं, "भाऊ, असेंब्ली चालूच हाये ना? का संपली?"

बाजूला उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोरानं त्यांना दुरुस्त केलं. "काकाजी, असेंब्ली नाही, विधान भवन म्हणायचं."

काकाजी म्हणाले, "विधान भवन म्हंजे काय जी?"

पोरगं म्हणालं, "म्हणजे... असेंब्लीच."

सगळे हसले, मीही हसलो. पण गाडी निघून गेल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. वीस-बावीस वर्षं बातम्या लिहितो आहे. "विधान भवनावर मोर्चा धडकला" हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा पाठवलं असेल. (धडकत कुणी नाही, आधीच अडवतात. पण ते पुढे येईलच.) तरी त्या शब्दाचा अर्थ सांग म्हटलं असतं तर त्या पोरासारखंच माझंही झालं असतं.

म्हणून आज जरा शब्दांमागे लागलो. पोस्ट लांबली आहे. वेळ असेल त्यांनीच वाचा.

आधी काकाजींची बाजू. 'असेंब्ली' हा शब्द त्यांच्या तोंडी फुकट आलेला नाही. नागपूर ही राजधानी होती. आजच्या नागपूर विधान भवनाची पायाभरणी १९१२ ची आणि मध्य प्रांताचं कौन्सिल बसायला लागलं ते १९१४ पासून. पुढे त्याला वऱ्हाड जोडून नाव झालं सी.पी. अँड बेरार. १९३७ च्या निवडणुकीनंतर तिथे लेजिस्लेटिव्ह असेंब्ली आली. आपल्या आजोबांच्या पिढीनं कोर्ट, कचेरी, तहसील जसं उचललं तसंच असेंब्ली उचललं आणि मग सोडलंच नाही. १९५६ मध्ये राजधानी गेली, शब्द मागे राहिला. पुण्यात अजून 'कौन्सिल हॉल'च म्हणतात, तशातलाच हा प्रकार.

मराठीत त्याआधी 'कायदे कौन्सिल' चालायचं. जुन्या वर्तमानपत्रांमध्ये तोच शब्द. अर्धा फारसीच्या वळणाचा, अर्धा इंग्रजी, पण अर्थ एकदम स्वच्छ: कायदे करणारं कौन्सिल. कुणाला विचारायची गरज नाही. रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबईच्या याच कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ ला मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. कागदावर झालं. प्रत्यक्ष पाण्याला हात लागायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला आणि त्यासाठी बाबासाहेबांना हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यापर्यंत चालत जावं लागलं. कौन्सिलात झालेला शब्द आणि रस्त्यावरचा माणूस यांच्यामधलं अंतर तेव्हापासूनचंच आहे.

आता 'विधान'. संस्कृतात 'धा' म्हणजे ठेवणे. त्याला 'वि' लागला की नीट मांडून ठेवणे, ठरवून देणे. त्यातून विधी, विधान, विधेयक. आणि त्यातूनच विधाता. सटवाई सहाव्या दिवशी येऊन कपाळावर लिहिते, त्याला आपण 'विधिलिखित' म्हणतो ना? तोच विधी. म्हणजे विधिमंडळ या शब्दाच्या पोटात 'तुमच्या कपाळावर लिहिणाऱ्यांचं मंडळ' असाही अर्थ निघतो. कोशात तो तसा सापडणार नाही, पण मला तरी तो फार खरा वाटतो.

गावात मात्र 'विधी' म्हटलं की लग्नाचे विधी नाहीतर अंत्यविधी. आणि 'विधान' म्हटलं की पेपरातलं 'वादग्रस्त विधान'. आमच्या धंद्यात हे दोन शब्द असे चिकटलेत की 'विधान' एकटं लिहिलं तर डेस्कवरचा माणूस सवयीनं आधी 'वादग्रस्त' जोडून टाकेल. त्यामुळे त्या पोरानं "विधान भवन म्हणजे जिथे बसून विधानं करतात ते" असं सांगितलं असतं तरी व्याकरणात चूक निघाली नसती. अधिवेशनातल्या बऱ्याच दिवसांच्या हिशेबानंही नसती.

विधिमंडळ की विधानमंडळ, हाही गोंधळ आहेच. पेपरात दोन्ही चालतात. आपल्या राज्याच्या सचिवालयाची अधिकृत पाटी 'विधानमंडळ' अशी आहे, मराठी संविधानातही तोच शब्द. 'विधिमंडळ' हा शब्द सावरकरांनी घडवलेल्या शब्दांच्या यादीत सांगितला जातो, महापौर, दिनांक, अर्थसंकल्प यांच्या रांगेत. मला दोन्हीचं वावडं नाही. फक्त कुणी 'विधी'ची वेलांटी दीर्घ ठेवून विधीमंडळ लिहिलं की आमचे जुने संपादक कागद परत करायचे, ते आठवतं.

एक गोष्ट आपण नागपूरकडच्या लोकांनी विसरू नये. देशाच्या कारभाराची ही जी संस्कृत वळणाची भाषा आहे, तिचं एक मोठं दुकान आपल्याच नागपुरात होतं. डॉ. रघुवीर लाहोरहून आपली संस्था घेऊन नागपूरला आले ते १९४६ च्या सुमारास. मध्य प्रांताच्या सरकारला इंग्रजीच्या जागी हिंदी आणि मराठी आणायची होती, त्यासाठी शब्द हवे होते. रघुवीरांनी ते हजारोंनी पाडले. आणि भारताच्या संविधानाचा हिंदी अनुवाद करणाऱ्या समितीचे अध्यक्ष कोण? घनश्यामसिंह गुप्त. तेव्हा ते नागपूरच्या असेंब्लीचे अध्यक्ष होते. म्हणजे दिल्लीच्या संविधानात जे शब्द बसले, त्यांच्यावर ज्याची नजर फिरली तो माणूस नागपुरातल्या त्याच इमारतीत बसायचा जिच्याकडे आज आपल्या गाड्या जातात. हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं आणि कळल्यावर थोडा अभिमानही वाटला, का लपवा?

पुढे महाराष्ट्र झाल्यावर भाषा संचालनालय आलं, पदनाम कोश आला. अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हणून झोडपल्याचं सांगतात. हसून झालं, पण त्यातलेच कितीतरी शब्द आज आपण न अडखळता वापरतो. सचिवालयाचं मंत्रालय झालं १९७५ मध्ये, शंकरराव चव्हाणांच्या काळात. आता कुणाच्या लक्षातही नाही. म्हणजे नवा शब्द अवघड असतो म्हणून लोक घेत नाहीत हे खरं नव्हे. ज्या शब्दाशी काम पडतं तो लोक घेतात. आमदार घ्या. 'आम' अरबी, 'दार' फारसी, आणि लोकांच्या तोंडी पक्का मराठी. त्याच्या जागी 'विधानसभा सदस्य' बोलून बघा एखाद्या लग्नात.

बाहेरच्या जगात या जागांना काय म्हणतात ते बघितलं तर गंमत येते. पार्लमेंट हा शब्द फ्रेंच 'बोलणे' यावरून आलेला. रशियातली ड्यूमा 'विचार करणे' यावरून. अमेरिकेत कॅपिटॉल म्हणतात, ते रोममधल्या एका टेकडीचं नाव. तिच्यावर ज्युपिटरचं देऊळ होतं आणि पाया खोदताना माणसाचं डोकं सापडलं अशी दंतकथा. म्हणजे तिथे देवळाचं नाव सभागृहाला लागलं. आपली संसद म्हणजे एकत्र बसणे. आणि सगळ्यांत जुनी आपली सभा. वेदात ती आहे, महाभारतातही आहे. द्यूत सभेतच झालं आणि द्रौपदीला ओढत आणलं तेही सभेतच. सभेत बसलेले मोठेमोठे लोक खाली मान घालून गप्प राहिले, हे आपल्याकडे कीर्तनात पोरासोरांनाही माहीत असतं. सभा म्हटलं की ती चांगलीच, असं आपल्या पूर्वजांनी कधी मानलेलं दिसत नाही.

आणि 'भवन'? 'भू' म्हणजे असणे, त्यावरून भवन, असण्याची जागा. मध्ये 'विधान सौध' सांगतो, कारण तो आपल्या मराठी माणसाच्या जिव्हारी लागलेला आहे. कर्नाटकात भवन म्हणत नाहीत, सौध म्हणतात. सौध म्हणजे सुधेनं, म्हणजे चुन्यानं पांढराशुभ्र केलेला राजवाडा. बंगळूरचा विधान सौध १९५६ चा, केंगल हनुमंतय्यांनी बांधून घेतला. त्याच्यावर कोरलंय की सरकारचं काम हे देवाचं काम. आणि दुसरा, सुवर्ण विधान सौध, कुठे? बेळगावात. ११ ऑक्टोबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते उद्घाटन. तिथेही दरवर्षी हिवाळी अधिवेशन असतं आणि एकीकरण समितीचे मराठी लोक त्याच्या विरोधात महामेळावा जाहीर करतात.

आता दोन्ही समोरासमोर ठेवा. बेळगावात अधिवेशन भरतं ते हे गाव आमचं आहे हे सांगायला. नागपुरात भरतं तेही त्याहून फार वेगळ्या कारणानं नाही. राजधानी सोडायच्या बदल्यात मिळालेली गोष्ट आहे ती. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार. सरकार ठराविक काळासाठी अधिकृतपणे नागपूरला येईल आणि वर्षातून निदान एक अधिवेशन नागपुरात होईल, असं त्यात लिहिलंय. किती आठवडे ते नाही लिहिलं. 'ठराविक काळ' एवढंच. हे दोन शब्द लिहिणाऱ्यांनी आपल्या पिढ्यांचं केवढं नुकसान करून ठेवलं, ते अधिवेशनाच्या तारखा बघितल्यावर कळतं. २०२० आणि २०२१ ला अधिवेशन नागपूरला आलंच नाही, करोना होता, समजू शकतो. २०२४ ला १६ ते २१ डिसेंबर. २०२५ ला ८ ते १४ डिसेंबर. एक आठवडा. त्यात शोकप्रस्ताव, पुरवणी मागण्या, गोंधळ आणि परतीचं विमान.

बरं, ठराविक काळ म्हणजे हिवाळाच असंही नाही. २०१८ ला पावसाळी अधिवेशन नागपूरला घेतलं, तर ६ जुलैला पावसाचं पाणी शिरून विधान भवनाची वीज गेली आणि कामकाज थांबवावं लागलं. त्या दिवशी माझ्या ओळखीचा एक शेतकरी म्हणाला होता, "आमच्या घरात दरवर्षी शिरते, त्याईच्या घरात यंदा शिरलं." बातमीत ते वाक्य गेलं नाही. आज इथे देतो.

पण मी ज्यासाठी लिहायला बसलो ते हे नाही.

ते काकाजी गोवारी समाजाचे होते. गाडी निघायच्या आधी म्हणाले, "चौऱ्याण्णवले बी गेलो होतो मी. तवापासून दरसाली वाटते का यंदा नोको जाऊ. पण जातो."

२३ नोव्हेंबर १९९४. नवीन पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो. गुरं राखणारा गोवारी समाज, आम्हाला अनुसूचित जमातीत धरा एवढी मागणी घेऊन बायका-पोरांसह नागपूरला गेला. आत अधिवेशन चालू. मोर्चा अलीकडेच अडवलेला. दिवसभर वाट पाहिली की आतून कुणीतरी येईल, निवेदन घेईल, दोन शब्द बोलेल. संध्याकाळी चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसं मेली. बहुतेक बायका आणि लेकरं. आज झिरो माईलजवळ त्यांचं स्मारक आहे, उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. मोर्च्याच्या गाड्या त्याच भागातून जातात.

आणि ही माणसं नेमकी कशासाठी गेली होती? एका शब्दासाठी. शब्दशः. अनुसूचित जमातींच्या यादीत महाराष्ट्रासाठी १८ व्या नोंदीत गोंड आहे आणि त्याच्या पोटात पन्नासेक नावं. त्यात लिहिलंय 'गोंड गोवारी'. समाजाचं म्हणणं, गोंड गोवारी अशी वेगळी जमात आता अस्तित्वातच नाही, तो शब्द आमच्यासाठीच लिहिला गेला. सरकारचं म्हणणं, तुम्ही गोवारी, यादीत आहे गोंड गोवारी, तुम्ही ते नाही. ११४ माणसं गेल्यावर समाजाला विशेष मागास प्रवर्गात टाकलं. १४ ऑगस्ट २०१८ ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं समाजाच्या बाजूनं निकाल दिला. मला आठवतं, त्या दिवशी गावागावात गुलाल उडाला. १८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. यादी जशी लिहिली आहे तशीच वाचायची, न्यायालयाला त्यात काही घालता येत नाही, काढता येत नाही. मधल्या काळात ज्यांना प्रवेश आणि नोकऱ्या मिळाल्या त्यांना तेवढं संरक्षण दिलं.

कायद्याच्या दृष्टीनं त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. कलम ३४२ प्रमाणे त्या यादीत एक अक्षर बदलायचं तर ते संसदच करू शकते. म्हणजे काकाजी ज्या असेंब्लीवर तीस वर्षं जातायत, तिच्या हातात ते अक्षर नाहीच. ती फार तर दिल्लीला शिफारस पाठवू शकते. हे त्यांना इतक्या वर्षांत कुणी साध्या मराठीत बसून सांगितलं असेल असं मला वाटत नाही. मोर्च्याला सामोरा येणारा प्रत्येक मंत्री म्हणतो, "शासन सकारात्मक आहे." सकारात्मक! आम्ही पत्रकार ते जसंच्या तसं छापतो. मीही छापलंय, आणि एकदा नाही.

माझा त्या संस्कृत शब्दांवर राग नाही, वर सांगितलंच. विधान भवन हा चांगला शब्द आहे, नागपूरच्या दगडी इमारतीला शोभतोही. माझी तक्रार वेगळी आहे. 'असेंब्ली' म्हणजे जमाव, माणसं एकत्र येणं. 'सभा' म्हणजेही तेच. 'भवन' म्हणजे इमारत. आपण माणसांचा शब्द सोडून इमारतीचा शब्द घेतला आणि मग हळूहळू कारभारही तसाच झाला. अधिवेशन म्हणजे नागपूरची इमारत रंगवणे, रस्ते डांबरणे, रविभवनातल्या गाद्या बदलणे, बॅरिकेड लावणे. नोव्हेंबरपासून बातम्या त्याच असतात. आणि खरी असेंब्ली भरते कुठे? मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर, टेकडी रोडवर, यशवंत स्टेडियमवर. थंडीत, रस्त्यावर सतरंजी टाकून.

काहीजण म्हणतील, इमारतीत काय ठेवलंय. खरं आहे. आमच्याच जिल्ह्यात १४ जुलै १९४२ ला काँग्रेस कार्यकारिणीनं वर्ध्याला 'भारत छोडो'चा ठराव केला आणि तो माणूस राहायचा मातीच्या कुटीत. भवन नव्हतं, सौध तर नाहीच. पण आज कुटीत कायदे होत नाहीत आणि होऊही नयेत. भवन लागणारच. म्हणून भवनात बसणाऱ्यांकडे मागायचं ते दोन साध्या गोष्टींचं.

एक म्हणजे तो 'ठराविक काळ' एकदाचा ठरवा. किमान किती दिवस, हे सभागृहानंच नियम करून लिहावं. आपल्याच भागाचे आमदार सत्तेतही आहेत आणि विरोधातही. कुणी खासगी ठराव आणला तर दुसऱ्यानं पाठिंबा द्यावा. पक्ष कोणता ते मी विचारणार नाही.

दुसरं, मोर्च्याचं निवेदन घेतलं की त्याचं उत्तर लेखी द्या. तुमची मागणी आमच्या अखत्यारीत आहे की नाही, नसेल तर कुणाच्या, आम्ही पुढे काय पाठवलं, कोणत्या तारखेला, किती जावक क्रमांकानं. एक पान. 'सकारात्मक' हा शब्द न वापरता. गावच्या ग्रामसेवकाला आपण अर्जाची पोच मागतो, ती तो देतो. मग एवढ्या मोठ्या भवनातून पोच का मिळू नये?

परवा काकाजींच्या गावाकडे गेलो होतो, दुसऱ्याच बातमीसाठी. चौकशी करून भेटलो. ओळखलं त्यांनी. म्हटलं, काकाजी, त्या दिवशी विचारलं होतं ना, विधान भवन म्हणजे काय, तर शोधलं मी. आणि धा, विधी, विधाता सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. मग घरातून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला निवेदनांच्या झेरॉक्सचा गठ्ठा काढला आणि म्हणाले, "हे सारं तुले देतो भाऊ. वाचून सांग, यातलं कोणतं दिल्लीले पाठोलं त्याईनं."

गठ्ठा सध्या माझ्याकडे आहे. वाचतो आहे. आतापर्यंत पाहिलेल्या एकाही कागदावर जावक क्रमांक नाही. ज्यांच्याकडे अशा जुन्या निवेदनांची पोच किंवा उत्तर असेल, मग समाज कोणताही असो, त्यांनी मला फोटो पाठवा.